‘कुल’ शब्दाचीं कुळें

जुन्या मराठी कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांस हें सांगावयास नको कीं, अपरिचित शब्द वाचकास सहसा फसवीत नाहीं. ‘इस्तावा’, ‘तसलमात’, ‘मोईन’ असले शब्द पुढें आले म्हणजे वाचणारा थबकतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो आणि बहुधा खरा अर्थ मिळवितो. फसवितो तो ओळखीचा शब्द. ज्याचें रूप लहानपणापासून डोळ्यांखालचें, ज्याचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे अशी आपली खात्री, त्या शब्दासाठीं कोश कोण उघडणार? ‘कुल’ हा अशांपैकीं एक होय. दोन अक्षरांचा हा शब्द मराठी कागदांत पदोपदीं येतो. तो संस्कृत आहे असें प्रत्येक शिकलेल्या मनुष्यास वाटतें. आणि दफ्तरी कागदांत तो पुष्कळ वेळां संस्कृत नसतो.

कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहक गृहस्थांनीं आपल्याजवळील इनामपत्राची एक बाळबोध नक्कल मजकडे पाहावयास पाठविली. मोडीचें वाचन उत्तम होतें. परंतु ‘कुलबाब कुलकानू’ या शब्दांवर समासांत टीप होती ती अशी: कुल म्हणजे कुळें, त्यांजकडून येणाऱ्या बाबी व त्यांजविषयींचे कानू एवढेंच या पत्रानें दिलें आहे, सबब हें इनाम सबंध गांवाचें नसून गांवच्या वसुलांतील एका हिश्शाचें होय. टीप लिहिणारा चांगला संस्कृतज्ञ होता. किंबहुना संस्कृत येत होतें म्हणूनच तो येथें अडला असें मला वाटतें. एका टिपेनें पत्राचा अर्थ मात्र पार उलटा झाला होता.

वस्तुतः येथील ‘कुल’ अरबी आहे. अरबींत ‘कुल्ल’ म्हणजे सर्व, समग्र. हिब्रूंतील ‘कोल’ हा त्याचाच भाऊबंद. कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने-इस्राएल लोकांच्या हिब्रू प्रार्थनांत तो ‘सर्व’ याच अर्थानें येतो. अरबी ‘कुल्ल’ फारसी दफ्तरांच्या द्वारें दक्षिणेंत आला आणि अंतींचें द्वित्व टाकून मराठींत ‘कुल’ झाला. ‘बाब’ म्हणजे मूळ अरबींत दार, त्यावरून ग्रंथाचें प्रकरण, त्यावरून कराचें सदर. ‘कानू’ हा अरबी ‘कानून’ चा संक्षेप. आणि तोही अरबांचा घरचा नव्हे, ग्रीकांपासून घेतलेला. ग्रीक भाषेंत ‘कानोन’ म्हणजे सरळ काठी, मापाची पट्टी, त्यावरून नियम. तेव्हां ‘कुलबाब कुलकानू’ याचा अर्थ सगळीं करसदरें व सगळे कानू, कांहीं एक न वगळतां, असा होतो. पुढें लगेच ‘हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ येतें: आज चालू आहेत त्या पट्ट्या आणि पुढें बसतील त्याही. (या ‘पेस्तर’ शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. फारसी ‘पेश्तर’ म्हणजे अधिक पुढें असलेला, म्हणून पूर्वींचा. मराठीनें तोच शब्द येणाऱ्या सालाकडे वळविला.) देणाऱ्याचा हेतु कांहींही मागें न ठेवण्याचा आहे हें सर्व वाक्य एकत्र वाचलें म्हणजे स्पष्ट होतें. जें मागें ठेवावयाचें तें तो ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ असें निराळें सांगतो.

याच वाक्याचा उत्तरार्ध पाहावा. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप अशी शुद्ध संस्कृत शब्दांची ओळ तेथें लागते. ही भाषा जुन्या ताम्रपटांची. निधिनिक्षेपांसह गांव देण्याची रीत राष्ट्रकूट-शिलाहारांच्या दानलेखांत आहेच. म्हणजे एकाच वाक्यांत निम्मी भाषा मुसलमानी दफ्तरांतून आलेली व निम्मी ताम्रपटांतून आलेली, आणि चिटणिसाच्या लेखणीखालीं दोन्ही एका शिरोरेषेला टांगलेल्या. मोडींत ही शिरोरेषा आधीं ओढून घेत, अक्षरें मागाहून, शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं. अशा ओळींत ‘निधि’ च्या सोबतीस ‘कुल’ दिसल्यावर तो त्याच गोत्राचा वाटला तर नवल नाहीं. येथें तो अरबी सोबत्यांमध्यें बसलेला आहे, संस्कृत सोबत्यांमध्यें नव्हे, एवढेंच पाहावयाचें असतें.

असल्या अर्थभेदावर माणसांचे संसार अवलंबून होते. इनामांची चौकशी करणाऱ्या कमिशनला १८५२ च्या अकराव्या कायद्यानें अधिकार मिळाले, तेव्हां मुंबई इलाख्यांतील इनामदारांना आपला हक्क असल्याच पत्रांनीं सिद्ध करावा लागला. पत्रानें काय दिलें होतें, सर्व कीं कांहीं, हा तेथें केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हता. आज ते हक्क राहिले नाहींत. परंतु त्या कागदांवरून गांवाचा इतिहास लिहिणारास प्रश्न तोच आहे.

आतां संस्कृत ‘कुल’ कडे वळूं. अमरसिंहानें तो वंशवाचक शब्दांत दिला आहे आणि सजातीयांचा समूह या अर्थींही दिला आहे. शिवाय घर, निवास हा अर्थ आहेच; गुरुकुल, गोकुल यांत तो दिसतो. प्राकृतांतून मराठींत येतांना याचें ‘कुळ’ झालें. पण याहून मौजेची गोष्ट अशी कीं, कांहीं शब्दांत तो इतका झिजला आहे कीं, त्याची ओळखही राहिली नाहीं. ‘देवकुल’ म्हणजे देवाचें घर. त्याचें प्राकृत ‘देउल’ आणि मराठी ‘देऊळ’. ‘राजकुल’ म्हणजे राजाचें घर. त्याचें ‘राउल’ आणि पुढें ‘राऊळ’. रोज देवळांत जाणारा मनुष्य ‘कुल’ शब्द उच्चारतो आणि त्यास तें कळत नाहीं. उलट ‘कुलमुखत्यार’ म्हणतांना आपण संस्कृत बोलतों असें त्यास वाटतें. जेथें शब्द दिसतो तेथें तो नाहीं आणि जेथें दिसत नाहीं तेथें आहे. व्युत्पत्तीचें काम डोळ्यांवर सोंपवूं नये, असें मी विद्यार्थ्यांस सांगत असें, तें याच उदाहरणावरून.

संस्कृतांतही या शब्दाचा एक अर्थ असा आहे कीं, तो माहीत नसल्यास वाचक अडतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत दहा गांवांच्या अधिकाऱ्यास निर्वाहासाठीं एक ‘कुल’ द्यावें असें सांगितलें आहे. तेथें घराणें हा अर्थ घेतल्यास कांहींच लागत नाहीं. कुल्लूकभट्टाचें स्पष्टीकरण असें: सहा बैलांचा एक मध्यम नांगर, अशा दोन नांगरांनीं जेवढी जमीन वाहिली जाईल तेवढी जमीन म्हणजे एक कुल. मराठी ‘कुळ’ शब्दाचा शेतीशीं असलेला संबंध या मापापासूनच आला असें माझें म्हणणें नाहीं. घर, मग कर देणारें घर, मग त्या घराचा कर्ता शेतकरी, असा साधा क्रम लावला तरी भागतें. सरकारचें कुळ म्हणजे सारा देणारा, खोताचें किंवा जमीनदाराचें कुळ म्हणजे त्याची जमीन कसणारा, सावकाराचें कुळ म्हणजे ऋणको; तिन्ही ठिकाणीं ज्याच्याकडून येणें आहे तो कुळ. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें आणि त्याच्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ पासून अनेक कुळें जमिनीचीं मालक झालीं. त्या कायद्यांतलें कुळ तें हेंच, संस्कृतोत्पन्न.

कागदांत ‘कुळवार’ असा एक शब्द येतो, तो या दोन्ही भाषांच्या सोयरिकीचा नमुना आहे. ‘कुळ’ संस्कृताकडून आलेला. ‘वार’ हा फारसी प्रत्यय, ‘तपशीलवार’, ‘कलमवार’ यांतला. या ‘वार’ चाही रविवार-सोमवारांतल्या संस्कृत ‘वार’ शीं कांहीं एक संबंध नाहीं. कुळवार म्हणजे कुळागणिक; कुळाचा दिवस नव्हे.

हे दोन ‘कुल’ निराळे कसे ओळखावे? सुदैवानें मराठी भाषेनेंच एक खूण करून ठेविली आहे. संस्कृत-प्राकृतांतील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठींत ‘ळ’ होतो: फल-फळ, काल-काळ, कुल-कुळ. प्राकृतांतील जोड ‘ल्ल’ मात्र एकेरी ‘ल’ होऊन राहतो. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत हा नियम मांडला आहे. फारसी-अरबी शब्द आपल्या भाषेंत आले ते हा बदल होऊन गेल्यावर. म्हणून त्यांतील ‘ल’ तसाच राहिला: माल, हाल, हमाल, दलाल. या नियमाचें फळ पाहावयाचें तर ‘साल’ शब्द घ्यावा. ‘शालि’ म्हणजे भात. एकेरी ल, म्हणून मराठी ‘साळ’. ‘छल्ली’ म्हणजे झाडाची त्वचा. जोड ल, म्हणून मराठी ‘साल’. आणि फारसी ‘साल’ म्हणजे वर्ष; मागाहून आलेला, म्हणून ‘साल’. शेतकऱ्याच्या एका वाक्यांत तिन्ही येऊं शकतात आणि त्यांचें नातें कोणतेंच नाहीं. तसेंच ‘माल’ व ‘माळ’. मेघदूतांत पर्वतप्राय उंचवट्याच्या शेतजमिनीस ‘माल’ म्हटलें आहे. त्याचा वंशज आपला ‘माळ’. सरकारी जमेंतला ‘माल’ हा अरबी, म्हणजे धन. मोडींत ल आणि ळ हीं निराळीं अक्षरें आहेत. कारकुनाचा हात घाईचा असला तरच घोटाळा होतो, आणि तो घाईचा पुष्कळदां असतो.

या खुणेलाही एक मोठी मर्यादा आहे. पंडितांनीं संस्कृतांतून जसेच्या तसे उचललेले शब्द ‘ल’ च ठेवतात. कुलाचार, कुलदैवत, कुलपति यांतील ‘ल’ संस्कृत आहे. म्हणजे ‘कुळ’ दिसल्यास तो संस्कृतोत्पन्न असें निर्धास्त म्हणतां येतें. ‘कुल’ दिसल्यास मात्र पुढचा शब्द पाहणें भाग पडतें. पुढें आचार, दैवत, धर्म असें कांहीं असल्यास संस्कृत. बाब, कानू, मुखत्यार, एखत्यार असल्यास अरबी. आजच्या मराठी कोशांतही ‘कुलगुरु’ व ‘कुलमुखत्यारपत्र’ हे एकाच पानाच्या आसपास शेजारी राहतात. एकावर विद्यापीठ चालतें, दुसऱ्यावर जमिनीचे व्यवहार होतात. कोशकारानें त्यांस निराळ्या मथळ्याखालीं घातलें नाहीं तर वाचकास ते सख्खे भाऊ वाटल्यावांचून राहत नाहींत.

लिपि बदलतांना उच्चारांतले भेद कसे पुसले जातात हेंही येथें सांगितलें पाहिजे, कारण घोटाळ्याचें निम्में मूळ तेथें आहे. अरबी लिपींत ‘क’ साठीं दोन निराळीं अक्षरें आहेत. एकाचा उच्चार आपल्या ‘क’ सारखा, दुसऱ्याचा त्याहून मागें, घशांत. ‘सर्व’ या अर्थाच्या शब्दांत पहिलें आहे. दुसऱ्या अक्षरानें लिहिला जाणारा अरबी ‘कुल’ म्हणजे ‘सांग’ अशी आज्ञा; मुसलमानांत ज्यांस ‘चार कुल’ म्हणतात तीं कुराणाचीं प्रकरणें याच आज्ञेनें आरंभ होतात. त्याच अक्षरानें लिहिला जाणारा तुर्की ‘कुल’ म्हणजे दास. ‘कुली’ म्हणजे अमुकाचा दास. गोवळकोंड्याच्या राज्याचा संस्थापक सुलतान कुली आणि १५९१ मध्यें हैदराबाद वसविणारा महंमद कुली कुतुबशहा यांच्या नांवांत हा आहे. नादिरशहा राज्यावर बसण्यापूर्वीं ‘तहमास्प कुली खान’ म्हणजे तहमास्प राजाचा दास म्हणवीत असे. १७३९ च्या दिल्लीच्या प्रसंगाच्या मराठी पत्रांत तो ‘तहमासकुलीखान’ असाच येतो. देवनागरी-मोडींत आल्यावर हीं दोन अक्षरें एकाच ‘क’ मध्यें बुडालीं. कुतुबशाही घराण्यांतल्या ‘कुली’ चा अर्थ ‘कुलीन’ असा लावलेला मीं पाहिला आहे! अर्थ सन्मानाचा खरा, पण नांव ठेवणाऱ्यानें दास म्हणवून घेण्यांतच सन्मान मानला होता.

ओझें वाहणारा ‘कुली’ हा आणखी निराळा. त्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तमिळ भाषेंत ‘कूलि’ म्हणजे मजुरी, त्यापासून तो आला असें कित्येकांचें मत. ‘कोळी’ या जातिनामापासून आला असें दुसऱ्यांचें. वरच्या तुर्की शब्दाकडेही कोणी बोट दाखवितात. मला तमिळाचा पक्ष अर्थाच्या दृष्टीनें अधिक सरळ वाटतो.

मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, त्यामुळें संस्कृतांतलाच दुसरा एक शब्द, ‘कूल’ म्हणजे नदीचा कांठ, हाही कागदांत ‘कुल’ होऊन बसूं शकतो. आणि दक्षिणेकडे जावें तों नवी अडचण. तमिळांत ‘कुलम्’ म्हणजे वंश, हा संस्कृताकडून घेतलेला. पण ‘कुळम्’ म्हणजे तळें, हा त्यांचा घरचा. कुंभकोणचें प्रसिद्ध महामह तीर्थ तमिळांत ‘कुळम्’ च म्हणवितें. तंजावरच्या भोसल्यांच्या दफ्तरांतले मोडी कागद आहेत त्या मुलखांत मराठी माणसाची हातची खूण उलटी पडते: आपल्याकडे ‘ळ’ म्हणजे संस्कृतोत्पन्न, त्यांच्याकडे वंश ‘ल’ नें व तळें ‘ळ’ नें. कानडींत ‘कुळ’ म्हणजे नांगराचा फाळ; फाळावरून शेतकरी अशी व्युत्पत्ति कोणास सुचली तर ती मोहक आहे, पण संस्कृत ‘कुल’ पासून मराठी ‘कुळ’ नियमानें येत असतां दुसरीकडे जाण्याचें प्रयोजन नाहीं. सरहद्दीवरच्या कागदांत मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. मराठींत ‘कुळवाडी’ म्हणजे शेत करणारा कुणबी; कर्नाटकांत ‘कुळवाडी’ हें गांवच्या एका पिढीजात सेवकाचें नांव होतें, आणि गांवच्या सीमेच्या तंट्यांत त्याचा शब्द प्रमाण मानीत. सीमेच्या महजरावर ‘कुळवाडी’ ची साक्ष असल्यास ती शेतकऱ्याची कीं त्या सेवकाची, हें गांव कोणत्या भाषेचें यावर ठरेल.

‘सन’ शब्दाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. अरबी ‘सना’ म्हणजे वर्ष. त्यावरून आपला ‘सन’, आणि १३४४ मध्यें सुरू झालेला तो शुहूर सन. संस्कृतांत ‘सन’ म्हणजे जुना. ‘सनातन’ शब्द त्याच घरचा. जुनें तें वर्षांनींच होतें, तेव्हां दोन्ही एकच असावेत असा तर्क सहज सुचतो, आणि रूप व अर्थ दोन्ही जुळत असल्यामुळें तो ‘कुल’ पेक्षांही अधिक घातक आहे. संबंध कांहीं नाहीं. आणि ‘सण’ म्हणजे उत्सव हा ‘क्षण’ पासून आलेला तिसराच.

अशा शब्दांची गणना कोणत्या रकान्यांत करावयाची यावर मोठे सिद्धान्तही थोडे हलतात. राजवाड्यांनीं १६२८, १६७७ व १७२८ या सालांच्या पत्रांतील शब्द मोजून मराठी शब्दांचें प्रमाण शेंकडा सुमारें १४, ६३ व ९४ असें काढलें. सिद्धान्त भक्कम आहे, एकदोन शब्दांनीं तो ढळत नाहीं. परंतु दोनअडीचशें शब्दांच्या पत्रांत चारपांच शब्द इकडचे तिकडे झाले तर शेंकड्यांत दोन अंकांचा फरक पडतो. आणि त्यांचें अनुकरण करून एखाद्या लहान दफ्तराची मोजणी करणारास तर प्रत्येक ‘कुल’, प्रत्येक ‘वार’, प्रत्येक ‘माल’ तपासूनच रकान्यांत घातला पाहिजे. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनाही या शब्दानें चकविलें असेंच म्हटलें पाहिजे. ‘हजर’, ‘तारीख’ यांजवर त्यांचा कटाक्ष गेला. ‘कुल’ मात्र सोंवळें नेसून पंक्तीस बसला होता, म्हणून त्यास कोणी उठविलें नाहीं.

‘कुलकर्णी’ या हुद्द्याविषयीं विचारणा नेहमीं होते. ‘कुल’ म्हणजे सर्व, सर्व कारभार करणारा तो कुलकर्णी, असें कोणी सुचवील तर तें स्वीकारण्यासारखें नाहीं. उत्तरपद ‘करण’ हें संस्कृत, त्याचा लेखक, लेखनिक असा अर्थ आहे. आणि शब्द ‘कुळकर्णी’ असाही लिहिला जातो, अरबी ‘कुल’ ला तो ‘ळ’ कोठून मिळणार? कुलकर्णी कुळांचा हिशेब ठेवी, कोणाची वंशावळ नव्हे. म्हणून येथें कुळ म्हणजे सारा देणारें घर. १९५० च्या कायद्यानें हीं वतनें रद्द झालीं, हुद्दा गेला, आडनांव राहिलें, आणि तें कोठें ‘ल’ नें तर कोठें ‘ळ’ नें लिहितात.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, नक्कल करतांना मुळांत ‘ल’ असेल तेथें ‘ल’ व ‘ळ’ असेल तेथें ‘ळ’ ठेवावा, शुद्ध करण्याच्या भरांत बदलूं नये. अक्षर संशयित असल्यास तसें समासांत लिहावें. आणि ‘कुल’ च्या पुढचा शब्द फाटला किंवा वाळवीनें गेला असल्यास अर्थ न देतां जागा मोकळी सोडावी. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश मोल्सवर्थच्या कोशाशेजारीं ठेवावा, आणि ओळखीच्या शब्दासाठींही तो उघडावा.